मांडवावरचा खोटा मुंगळा

मी एक जुनीजाणती मुंगी आहे, असं मी सांगितलं असतं तर तुम्ही चटकन विश्वास ठेवला असता. सगळेच ठेवतात! चिमणी ठेवते, सरडा ठेवतो, मांडवाच्या मेढीवर, म्हणजे खांबावर, मातीचं घर बांधणारी कुंभारीण माशीसुद्धा ठेवते. पण मित्रांनो, तुमच्यापाशी मी खरं तेच बोलणार. मी मुंगी नव्हे आणि मुंगळाही नव्हे. मी कोळ्याच्या जातीची आहे. हो, कोळीच! आठ पायांचा, सूत काढणारा. दचकलात ना?

माझं रूप पाहाल तर तुमचीही फसगत होईल. अंग काळंभोर, डोकं फुगीर, कंबर अशी बारीक की वाऱ्याने मोडेल. मुंगळ्याला पाय सहा आणि मला आठ. मग दोन जास्तीच्या पायांचं काय करायचं? मी पुढचे दोन पाय वर उचलते आणि मुंगळ्याच्या मिशांसारखे हलवत चालते. सरळ मात्र कधी चालत नाही. चार पावलं इकडे, चार तिकडे, मधेच थांबायचं, हुंगल्यासारखं करायचं, पुन्हा धावायचं. हे मला कुणीही शिकवलेलं नाही. जन्मले तीच ही चाल घेऊन.

एवढा खटाटोप कशासाठी, असं तुम्ही विचाराल. मित्रांनो, मुंगळा चावतो, आंबट लागतो आणि एकाला छेडलं तर पन्नास धावून येतात. म्हणून त्याच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. कोळी मात्र मऊ आणि चवदार! कुंभारीण तर आम्हाला उचलून नेते आणि आपल्या पोरांच्या मातीच्या घरात जिवंत कोंडते. म्हणून मी मुंगळ्यांच्या शेजारी राहते. अगदी शेजारी, पण त्यांच्या अंगाला अंग लावत नाही. कारण त्यांना माझं खरं रूप कळलं, तर तेच माझे तुकडे करतील. ज्यांच्या जिवावर जगायचं त्यांच्यापासूनच पळत राहायचं, असं हे माझं जिणं आहे.  पण काय करणार?

माझं घर पिंपळीच्या शिवारात, कालव्याकडेच्या एका वस्तीवर होतं. दोन खणांचं छप्पर, पुढे बांबूचा मांडव आणि मांडवावर घेवड्याचा वेल. वेलाखाली चूल, चुलीशेजारी परात, पाट आणि पत्र्याचे दोन सारखे डबे. एकात पीठ असायचं, दुसऱ्यात बियाणं. वेलाच्या शेंड्यांना काळा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, लागलेला. मावा गोड रस सोडतो आणि तो चाटायला मुंगळ्यांची रांग दिवसभर मेढीवरून वर चढत असते. त्याच वेलाचं एक पान दुमडून, आत पांढरं सूत विणून मी खोली केली होती. त्या खोलीत माझी अंडी होती.

वस्तीवर कुंडलिक, त्याची आई द्वारकाबाई, बायको लीलाबाई आणि दोन वर्षांची लेक विजयमाला राहायची. कुंडलिक भाजीपाला करायचा आणि बाजारच्या दिवशी बैलगाडी जुंपून बारामतीला न्यायचा. त्या सालात सगळीकडे उसाच्या गोष्टी चालायच्या. भवानीनगरच्या कारखान्याला ऊस घालायचा, सभासद व्हायचं. पण कुंडलिकचं मन घेवड्यात आणि वांग्यात होतं.

लीलाबाईवर माझा फार जीव होता. एकदा ती मांडवावरच्या शेंगा तोडत होती. तिचा हात माझ्या पानावर आला. तिने पान उघडून पाहिलं, आतलं पांढरं सूत पाहिलं आणि हळूच परत दुमडलं. "कुणाचं तरी घर हाय," असं स्वतःशीच म्हणाली आणि पुढच्या शेंगेला गेली. तुम्ही म्हणाल, एवढ्यानं काय होतं? अहो, ज्याचं घर मोडता मोडता वाचलं असेल त्याला विचारा!

द्वारकाबाईचा तर एक नेमच होता. पीठ मळायच्या आधी पहिली मूठ ती मुंगळ्यांना घालायची. मेढीच्या बुंध्याशी पिठाची रेघ ओढायची आणि म्हणायची, "खावा बाबांनो, पैली मूठ तुमची."

"आत्याबाई, मुंगळ्यांस्नी रोज पंगत," लीलाबाई हसून म्हणायची, "आन् मला सांगता भाकरी पातळ थाप!"

"मुंगळं उलटून बोलत न्हाईत. म्हणून त्यांस्नी घालते."

सासवासुनांचं असं रोज चालायचं. भांडण आहे की गंमत, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

द्वारकाबाईचा आणखी एक नेम होता आणि तोच पुढे अंगाशी आला. पिठाचा डबा कधी तळापर्यंत खरवडायचा नाही. मूठभर पीठ तळाला राहू द्यायचं, मग त्यावर नवं ओतायचं आणि हाताने खालीवर करून एक करायचं. "डबा रिता झाला की घराची बरकत जाती," असं ती म्हणायची. सुनेला तर तिने ताकीदच दिली होती.

पण एका संध्याकाळी विजयमाला भुकेनं रडून रडून लाल झाली. द्वारकाबाई गावात गेली होती. लीलाबाईने इकडेतिकडे पाहिलं, डबा तिरका केला, तळाचं पीठ बोटांनी खरवडून काढलं आणि पोरीला पेज करून पाजली. मी वरून पाहत होते. डब्याचा तळ आरशासारखा चकचकीत दिसत होता. लीलाबाईने झाकण लावलं आणि ही गोष्ट कुणाला सांगितली नाही.

त्याच दिवशी कुंडलिकने रानात पूड मारली होती. डीडीटी. पांढरीशुभ्र, पिठासारखी मऊ. रानातल्या घेवड्यावर मावा फार झाला होता. शेजारच्या रावजीतात्याने ती पूड मारली आणि त्याचा मावा साफ झाला, असं कुंडलिक सगळ्यांना सांगत होता. त्याने फडक्याची पुरचुंडी करून दिवसभर ती पिकावर झटकली. त्याच्या मिशा, पागोटं, पापण्या सगळं पांढरं झालं. अंधार पडताना तो घरी आला, तेव्हा विजयमाला त्याला भिऊन आईच्या पदराआड लपली. सगळ्या वस्तीवर त्या पुडीचा वास भरून राहिला.

थोडी पूड उरली. पिशवी तर फाटलेली. कुंडलिकने चुलीशेजारचा एक डबा उघडला. रिकामा! त्याला वाटलं, पिठाचा डबा तर कधी रिता नसतो, म्हणजे हा पेरून संपलेल्या बियाणाचा. त्याने उरलेली पूड त्यात ओतली, झाकण लावलं आणि हातपाय धुवायला कालव्यावर गेला. घरात सांगायचं त्याच्या डोक्यात असेलही. पण पहाटे गाडी जुंपायची होती, भाजीच्या पाट्या भरायच्या होत्या. राहून गेलं.

मित्रांनो, हेही मी वरून पाहिलं. पण मला काय कळणार! मला वाटलं, यांचं पीठ आलं.

पहाटे कुंडलिक बारामतीला गेला. लीलाबाईने जात्यावर ज्वारी दळली. ते पीठ द्वारकाबाईने डब्यात ओतलं. ओतताना तळाशी पांढरं दिसलं, तेव्हा तिचा चेहरा खुलला. सुनेने आपला शब्द पाळला, असं तिला वाटलं असणार. मग नेहमीसारखा हात घालून तिने सगळं खालीवर केलं, एक मूठ मेढीच्या बुंध्याशी घातली आणि म्हणाली, "खावा बाबांनो."

मुंगळे धावले. मीही सवयीने खाली उतरले. मी पीठबीठ खात नाही बरं का! मी चिलटं, माव्याचे किडे खाते. पण मुंगळे जिथे जातील तिथे मला दिसावंच लागतं. पिठापासून वीतभर वर, मेढीवर मी थांबले. आमच्या जातीला पायांनी चव कळते. वाऱ्याने उडालेला एक कण माझ्या पुढच्या पायापाशी आला आणि तो मला असा झोंबला की मी झटकन वर सरकले.

थोड्या वेळाने पहिला मुंगळा वाकडा चालू लागला. मग त्याचे पाय थरथरले आणि तो उताणा पडला. मग दुसरा पडला. मग रांगच्या रांग मेढीवरून गळू लागली. तोंडात पिठाचे कण तसेच. मी ज्यांना भीत होते, ज्यांच्या आडोशाने जगत होते, ते माझ्या डोळ्यांदेखत पाय झाडत होते आणि मला त्यांच्या जवळही जाता येत नव्हतं.

लीलाबाईने तोवर पीठ मळायला घेतलं होतं. तवा तापला होता. विजयमाला पाटावर बसून "भाकई, भाकई" करत हात आपटत होती. लीलाबाईचं लक्ष सहज मेढीकडे गेलं आणि तिचे हात परातीत थांबले.

"आत्याबाई, हिकडं या जरा. मुंगळं मेल्यात."

"मरत्यात की. थंडी काय कमी हाय?"

"सगळं पिठापाशीच मेल्यात. त्यांच्या तोंडात बघा की, पीठ हाय. आन् पिठाला वास बी येतुया."

"वास सगळ्या वस्तीला येतुया. काल रानात पूड मारलीया न्हवं? तितनंच हे आलं असतील मरायला." द्वारकाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "उगं भाकरी थापायचा कट्टाळा म्हणून पिठाला नावं ठिवू नगं."

"पीठ मी दळलंय, आत्याबाई. टाकायचं म्हणलं तर परत दळायची तयारी बी माझीच हाय."

"टाकायचं? मुंगळ्याच्या नादानं ताजं पीठ उकिरड्यावर टाकायचं?" द्वारकाबाई खाली वाकली. तिने बोट उगारलं आणि मित्रांनो, ते बोट सरळ माझ्यावर आलं. "ह्यो बघ! ह्यो मुंगळाच की न्हवं? त्याच पिठापाशी उभा हाय. कसा ताठ हिंडतुया! पीठ वंगाळ असतं तर ह्यो जिता राहिला असता व्हय?"

लीलाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा काय करत होते ठाऊक आहे? माझ्या सवयीप्रमाणे दोन पाय वर उचलून मिशा हलवत होते! अगदी हुबेहूब मुंगळा!

"व्हय," लीलाबाई हळूच म्हणाली. "ह्यो तर जिता हाय." आणि तिने पिठाचा गोळा हातात घेतला.

 मी जन्मभर खोटी वागले, पण त्याने कुणाचं वाईट झालं नव्हतं. चिमणीने मला सोडलं, तिने दुसरा किडा खाल्ला. पण आज माझ्या नुसत्या चालण्याची साक्ष झाली होती आणि ती साक्ष खोटी होती. त्या साक्षीवर भाकरी थापली जाणार होती. पहिली भाकरी कुणाला मिळते, हे मी रोज पाहत आले होते. पाटावर बसून हात आपटणाऱ्या त्या पोरीला!

मी घाबरून वर पळाले आणि पानाआड लपले. वाटलं, मी दिसलेच नाही तर त्यांना आठवेल, शंका येईल. पण कसलं काय! खालून थापायचा आवाज येऊ लागला. थप, थप, थप. साक्ष दिलेला माणूस निघून गेला म्हणून साक्ष पुसली जात नाही.

मग एकच उरलं. मी मुंगळा नाही हे दाखवायचं. मुंगळा काय करू शकत नाही? मुंगळ्याला सूत काढता येत नाही. पण मित्रांनो, उघड्यावर सूत सोडून लोंबकळणं म्हणजे आमच्यासाठी मरणाला हाक मारणं. मेढीवर कुंभारीण आपल्या घराला माती लावत होती. इतके दिवस ती माझ्या अंगावरून गेली तरी तिने मला ओळखलं नव्हतं. आता ओळखणार. आणि मी गेले तर पानातल्या अंड्यांकडे कोण बघणार? मी एकदा पानाकडे पाहिलं. एकदा खाली पाहिलं. लीलाबाईने भाकरी हातावर उचलली होती.

मी उडी मारली!

सुताचं टोक मांडवाच्या बांबूला चिकटवलं होतं. मी सरळ लीलाबाईच्या नाकासमोर येऊन लोंबले. मिशांसारखे वर धरलेले पाय खाली सोडले, सगळे आठ पाय फाकवले आणि गरगर फिरू लागले.

"अगं बया!" लीलाबाई मागे सरली. भाकरी हातातून परातीत पडली. "आत्याबाई, हे बघा! मुंगळा सुताला लोंबतुया!"

"मुंगळ्याला कुठनं आलं सूत?"

"तुमीच बघा की!"

द्वारकाबाई पुढे आली. तिची नजर अधू होती. तिने तोंड इतकं जवळ आणलं की तिच्या श्वासाने मी झोके घेऊ लागले. बराच वेळ तिने पाहिलं.

"ह्येला पाय लई हायत," ती म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "ह्यो मुंगळा न्हाय, लीला. कोळी हाय ह्यो. मेला मुंगळ्यावानी दिसतुया."

"मग मुंगळा एक बी जिता न्हाय."

 तव्यातून धूर येत होता. विजयमालाने परातीतल्या पिठाकडे हात लांबवला, तेव्हा लीलाबाईने तो झटकन धरला आणि पोरीला काखेत उचललं. पोरीने भोकाड पसरलं.

"पर पिठात काय असंल गं?" द्वारकाबाई म्हणाली. "जुंधळं आपलंच. जातं आपलंच. तळाचं मूठभर जुनं पीठ, ते बी आपलंच."

लीलाबाईचा चेहरा उतरला. मी समोरच लोंबत होते, मला स्पष्ट दिसलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग सासूकडे.

"आत्याबाई, तळाला पीठ न्हवतं."

"न्हवतं कसं? मी ह्या हातानं मिसळलं."

"मी डबा खरवडला हुता. विजी भुकेनं रडत हुती, तिला पेज केली. तुमी रागं भरशीला म्हणून बोलले न्हाय." तिने पोरीला काखेत सावरलं. "तळ पार चकचकीत केला हुता मी."

द्वारकाबाईने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. त्या हाताला अजून पांढरं लागलेलं होतं. "मग ते पांढरं कशाचं व्हतं?" ती म्हणाली. पण उत्तर तिला ऐकायचं नव्हतं, ते तिला कळलं होतं.   तिने परात उचलली, डबा उचलला आणि मांडवाबाहेर, लांब बांधाच्या पलीकडे खड्डा खणून दोन्ही रिकामी केली. सुनेला तिने हात लावू दिला नाही. "माझ्या हातानं मिसळलंय, माझ्याच हातानं पुरीन," एवढंच बोलली. परत आल्यावर राखेने आणि मातीने हात घासत ती किती वेळ कालव्यावर बसून होती!

त्या गडबडीत कुंभारीण माझ्याकडे झेपावली. मी सूत तोडलं आणि धुरात पडले. धुराने ती वळली म्हणून मी वाचले. एक पाय मात्र तिथेच गेला. आता मला सातच पाय आहेत.

संध्याकाळी कुंडलिक आला. सगळं ऐकल्यावर तो विजयमालाला मांडीवर घेऊन बसला. पूड त्यानेच ओतली होती, हे त्याने लगेच सांगून टाकलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "मुंगळं मेलं त्ये एक बरं झालं म्हणा. मावा त्येच वाढवत्यात."

"त्ये मेलं म्हणून तुझी लेक जिती हाय," द्वारकाबाई म्हणाली.  डबा खरवडल्याबद्दल सुनेला ती त्या दिवशी एक शब्दही बोलली नाही.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल गोष्ट इथे संपली. माणसांची संपली. माझी नाही.

दुसऱ्या दिवशी मी पानातून बाहेर आले, दोन पाय उचलले आणि चालू लागले. चार पावलं इकडे, चार तिकडे. आणि एकदम माझ्या लक्षात आलं, मी हे कुणासारखं करते आहे? मेढी रिकामी होती. बुंध्याजवळचं वारूळ मुकं झालं होतं. जिथे मुंगळेच नाहीत तिथे मुंगळ्यासारखं दिसून काय उपयोग? जिथे मुंगळा चावेल ही भीतीच उरली नाही, तिथे मला कोण भिणार? दोन दिवसांत सरडा धीट झाला. माझ्यामागे मांडवभर धावला. तेव्हापासून मी पानाच्या तोंडाशी बसून आहे. भूक लागते, पण हलत नाही.

काल अंडी फुटली. माझी पोरं बाहेर आली. राईएवढी, काळी, बारीक कंबरेची. एकेकाने पानाच्या कडेवर येऊन पुढचे दोन पाय वर उचलले आणि मिशांसारखे हलवले. कुणी शिकवलं नव्हतं! मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. इतकं सुंदर सोंग, आणि ते कुणाच्या रांगेत चालून दाखवणार? आज सकाळपर्यंत त्यांतली तीन दिसेनाशी झाली आहेत.

मित्रांनो, मी तुमच्याकडे दोन गोष्टी मागते. विष घरात आणलंच, तर ते पिठामिठाच्या शेजारी ठेवू नका आणि ओतताना घरातल्या सगळ्यांना ओरडून सांगा. उद्यावर टाकू नका. दुसरी गोष्ट माझ्या पोरांसाठी आहे. रानात पूड झटकाल तेव्हा सगळं पांढरं करू नका. कुठेतरी, एखाद्या बांधावर, एखाद्या मेढीवर मुंगळ्यांची एक रांग चालती राहू द्या. तुम्हाला ती नुसती मुंगळ्यांची रांग दिसेल. पण नीट वाकून पाहाल, तर तिच्या कडेकडेने, अंगाला अंग न लावता, माझं एखादं लेकरू जीव मुठीत धरून चाललेलं असेल.